दुसऱ्या ओळीतली तीन अंडी

१८ नोव्हेंबर २०१०, दर्यापूर

अंड्यांचा चौथा घाणा मेला. वीज सकाळी सहाला गेली. दहाला यायची ती साडेबाराला आली. इन्व्हर्टरने दीड तास साथ दिली आणि हात वर केले. इन्क्युबेटर २९ अंशांवर. वीसच्या वीस अंडी थंड. तरी एकेक फोडून पाहिलं. एकाही भ्रूणाचं हृदय चालू नव्हतं.

चिडचिड नको म्हणून लिहून काढते. करायचं इतकंच आहे: कवचाला खिडकी पाडायची, भ्रूणाच्या मज्जारज्जूत थेंबभर डीएनए सोडायचं, पाच बारीक झटके द्यायचे. ज्या पेशींनी ते घेतलं त्या हिरव्या चमकतात, आणि त्यांची लेकरंही हिरवीच निघतात. म्हणजे कोणाच्या पोटी कोण जन्मलं ते दिसतं. विजय म्हणतो, "भाटाचं काम करून राहिली तू. वंशावळी लिहिनं." नवराच तो. चूक म्हणता येत नाही.

झटके द्यायला वीज लागत नाही, बॅटरीवर होतं. जगवायला लागते.

२० नोव्हें.

मार्गदर्शक सरांचा अमरावतीहून फोन. ३१ मार्चला ते निवृत्त. त्याच दिवशी माझं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन संपतं, मुदतवाढ एकदा घेऊन झाली आहे. "मॅडम, पहिली ओळ आपली झाली आहे. दुसरी ओळ द्या, मी सही करून मोकळा होतो."

पहिली ओळ म्हणजे दुसऱ्या दिवशी टोचलेली अंडी. त्यांत मोटर पेशी हिरव्या होतात. मोटर म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या, मोठ्या, पोटाच्या बाजूला बसलेल्या. दुसरी ओळ चौथ्या दिवशी टोचायची. तोवर मोटर जन्मून झालेल्या असतात, म्हणून त्या हिरव्या दिसू नयेत. दिसू नयेत हे दाखवायला चार महिने घालवते आहे.

२३ नोव्हें.

बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आज सहा जण. बाकीचे वेचणीला. त्यांना बोलायचं कोणत्या तोंडाने? पोरी घरची कपाशी वेचून संध्याकाळी बोटं सोललेली घेऊन प्रॅक्टिकलची वही पुरी करतात.

दुपारी रजई भरायला टाकायला फरिदाबीकडे. बसस्टँडच्या मागे पिंजाऱ्यांची चार घरं, त्यांतलं शेवटचं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, गाद्यांचं काम तीच करते. लोडशेडिंगमुळे पिंजायचं यंत्र बंद, बाई कापसाच्या ढिगाशेजारी बसून सुपारी कातरत होती. चहा दिला. किटली बांबूच्या टोपलीत, कापसात गाडून ठेवलेली. चहा तोंड भाजेल इतका गरम.

"कधी केला?"

"सुबेच्या नमाजच्या बाद."

दुपारचे अडीच वाजले होते.

२५ नोव्हें.

फ.ला विचारलं, माझी अंडी ठेवाल का टोपलीत. आधी हसली. तिच्या स्वतःच्या आठ कोंबड्या आहेत. "अंडेले कोंबडी पायजे मॅडम, रजई नाई." मग समजावलं: खिडकी पाडलेलं अंडं कोंबडी उलटसुलट करील, फोडील. तेव्हा पटलं.

आठ साधी अंडी चाचणीला. बाजूने गरम पाण्याच्या चार बाटल्या, दर दोन तासांनी बदलायच्या. मधे थर्मामीटर. तिला सदतीस-अडतीसची रेघ लाल पेनाने करून दिली.

२८ नोव्हें.

आठातली सात जिवंत! एवढं चांगलं इन्क्युबेटरनेही कधी दिलं नाही. फ. प्रत्येक अंडं उन्हाकडे धरून आतल्या लाल शिरा पाहते. मी बॅटरीने पाहते ते ती सूर्यावर पाहते. एक मेलेलं मला सापडलं नव्हतं, तिने वासावरून काढलं.

२ डिसें.

हॅचरीतून अंडी आणली. जीपमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारचा माणूस म्हणाला, "ताई, बाजारात काई कमी अंडे हायेत का?"

४ डिसें.

पहिली ओळ टोचली. बारा, कवचावर पेन्सिलने प-१ ते प-१२. वर जादाची सहा, पहिल्या ओळीत कमी पडलं तर, तीही आजच टोचलेली. त्यांना नंबर नाही, नुसती फुली. चौथ्या दिवसाची बारा आधीच दु-१ ते दु-१२ करून बाजूला.

एक गोष्ट स्वतःलाच बजावून ठेवते. तीसही अंडी एका वयाची. सगळी सातव्या दिवशी फोडायची. फोडल्यावर नुसतं बघून सांगता येत नाही की याला कधी टोचलं. सांगतो फक्त कवचावरचा आकडा. म्हणून आकडे ठळक.

फ.ला म्हटलं, "हे फुलीवाले जादा आहेत. एखादं गेलं तर अडचण नको म्हणून."

तिने तिन्ही रांगा बोटाने मोजल्या. मग मलाही मोजायला लावल्या. "अमानत हाये. गिनके लिया, गिनके देना."

६ डिसें.

सासरे काल रात्रीच्या गाडीने दादरला गेले. मी सकाळी कॉलेजात बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि लॅबमध्ये शिरले. दुसरी ओळ टोचली. चौथ्या दिवसाचं भ्रूण चळवळ करतं, सुई लावू देत नाही. मान दुखते आहे. अंडी कापसातून आणली, कापसातून परत नेली.

९ डिसें.

ताबा घेतला. प बारा. दु बारा. पूर्ण! चौथ्या दिवशी टोचल्यावर निम्मी जगली तरी पुष्कळ, असं सगळीकडे म्हणतात. इथे एकही गेलं नाही. जादाची मात्र सहातली तीनच उरली होती. गेली असतील. विचारलं नाही, घाई होती, फोडून भ्रूण रसायनात फिक्स करायला संध्याकाळ झाली.

फ.साठी उद्या संत्री न्यायची. वरूडची आली आहेत.

११ डिसें., अकोला

शनिवार. अकोल्याच्या संस्थेत काप घेणारं यंत्र आणि चमक दाखवणारा सूक्ष्मदर्शक आहे. शनिवारी मला वेळ मिळतो, तीन ते सहा. आज पहिली ओळ. मोटर हिरव्या. ठरल्याप्रमाणे. जेवणाच्या डब्यातून भ्रूण आणते म्हणून तिथला शिपाई दर वेळी विचारतो, "आज काय भाजी?"

विजयकडे मुक्काम. म्हणजे आमच्याच घरी. नोकरी दोन गावांना असली की घर पाहुण्यासारखं वाटायला लागतं.

१८ डिसें., अकोला

दुसरी ओळ. नऊ भ्रूणांत मोटर काळ्या, आतल्या बाजूच्या उशिरा जन्मणाऱ्या पेशी हिरव्या. ठरल्याप्रमाणे.

दु-४, दु-७, दु-११. या तिघांत मोटर हिरव्या. लख्ख. मोठ्या, एकेक मोजता येतील अशा.

तीनदा पाहिलं. काच बदलली, प्रकाशाची गाळणी बदलली. आहेत.

बसमध्ये मूर्तिजापूरच्या फाट्यापर्यंत काही सुचलं नाही, आणि बस चुकीची होती. अमरावतीची पकडली होती. उतरून परत अकोल्याला, विजयकडे.

२० डिसें.

सर आधी रागावले. "लेबल तपासा." तपासले. "काप पाठवा." पाठवले होतेच. दुपारी स्वतः फोन केला, आवाज वेगळा. "मॅडम, चौथ्या दिवशी मोटर? म्हणजे तोवर त्यांची आई-पेशी अजून शिल्लक आहे? हे कोणी दाखवलेलं माझ्या पाहण्यात नाही."

अठ्ठावीस वर्षं शिकवलं त्यांनी. कधी स्वतःच्या कामाबद्दल एवढं बोलले नव्हते. मला आनंद झाला. लपवायचं कशाला, खूप झाला.

२३ डिसें.

फेब्रुवारीत हैदराबादला परिषद. सरांनी सारांश पाठवला. त्यांचं नाव, माझं नाव. शीर्षकात "उशिरापर्यंत टिकणाऱ्या मोटर पूर्वजपेशी".

२९ डिसें.

सर्वेक्षणाची ड्यूटी. सात प्राध्यापक, चार गावं. शेतकरी कुटुंबांसाठी फॉर्म, त्यात एक प्रश्न: घरात कोणी हल्ली गप्प गप्प राहतं का? आमच्या कॉमर्सच्या सहकाऱ्याने लिंबाखाली बसून वीस फॉर्म भरले, सगळीकडे "नाही". मी ऐकवलं त्याला. चार घरी स्वतः विचारलं. एका बाईने प्रश्न ऐकला, आत गेली, पाणी आणलं, म्हणाली, "गप्प कोन नसते बाई, सोयाबीन काडल्यावर?" कोणत्या रकान्यात लिहायचं? समासात लिहिलं.

८ जाने.

पुन्हा तोच प्रयोग. सर म्हणतात तीन अंड्यांवर छाती काढून बोलता येत नाही. आज पहिली ओळ.

मंत्री येणार आहेत. काल रस्त्याचे खड्डे बुजले, आजपासून लोडशेडिंग बंद. अंडी लॅबमध्येच ठेवली. फ. जरा खट्टू झाली. "आमची टोपली नाई पायजे आता?"

१३ जाने.

वीज सलग सहा दिवस. असं इथे माझ्या नोकरीत प्रथमच. मंत्री एक तास थांबले म्हणे.

दु: बारापैकी सात जिवंत, पाच मेली.

१५ जाने., अकोला

सातही पाहिली. एकातही मोटर हिरवी नाही. सरळ, पुस्तकातल्यासारखं.

तिळगूळ खाल्ला, चव लागली नाही.

१७ जाने.

मला वाटलं सर खचतील. त्यांनी उलट टाळी दिली फोनवरून. "फरक काय? डिसेंबरात टोपली, जानेवारीत इन्क्युबेटर! टोपलीचं तापमान हळूहळू खालीवर होतं. त्या चढउतारानेच पूर्वजपेशी टिकतात. मॅडम, ही तर आणखी मोठी गोष्ट आहे."

मान्य करण्यासारखं आहे. मान्य करावंसं वाटतंही आहे. तरी काहीतरी टोचतं. मेलेल्यांचा हिशोब. लॅबमध्ये पाच मरतात आणि कापसात एकही मरत नाही?

२१ जाने.

सरांच्या निरोप समारंभाची पत्रिका छापायला गेली. त्यात "नुकत्याच लागलेल्या शोधाबद्दल" असं वाक्य आहे. विभागात सगळे टोपलीबद्दल विचारतात. एकाने नाव पाडलं, वऱ्हाडी इन्क्युबेटर.

५ फेब्रु.

तिसरा प्रयोग, टोपलीतच. पहिली ओळ आणि जादाची सहा ठेवून आले. या वेळी दर तासाला तापमान लिहायचं, म्हणून रजा टाकून परवापासून फ.कडेच बसणार.

८ फेब्रु.

लिहिते जसं घडलं तसं.

काल दु टोचली. आज सकाळपासून फ.कडे. वीज नाही, यंत्र बंद. ती गादीला टाके घालत होती, मी तापमान लिहीत होते. दोनच्या सुमारास ती उठली, टोपली उघडली, एकेक अंडं उन्हाकडे धरलं. दु-५ जरा जास्त वेळ धरलं. वास घेतला. मान हलवली आणि बाजूला ठेवलं.

मग फुलीवाल्यांतलं एक उचललं. पदराच्या टोकाला थुंकी लावून फुली पुसली. माझीच पेन्सिल तिच्या कानावर होती, तिने मेलेल्या अंड्यावरचा "दु-५" बघून बघून, जीभ दाताखाली धरून, नव्यावर उतरवला. अक्षर हुबेहूब. दुसऱ्या ओळीतल्या खड्ड्यात बसवलं. वरून कापूस.

मी तापमानाची वही खाली ठेवली.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "एक गेलं. फिकर नका करू, जागा भरली."

"फरिदाबी, हे तुम्ही डिसेंबरातही केलं होतं?"

"मंग? जास्तीचे कायले दिले होते तुमी? तुमीच तं म्हटलं, एखादं गेलं तं अडचन नको म्हनून." हात पुसत म्हणाली, "अमानतमध्ये कमी पडू देत असते का कोनी?"

बरोबर आहे तिचं. मी तेच म्हटलं होतं, त्याच शब्दांत. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, फक्त अक्षर इतकं चांगलं आलं नसतं.

"का झालं मॅडम? कायी बिगडलं का माझ्यानं?"

"नाही," म्हटलं. खोटं बोलले.

९ फेब्रु.

जादाची दुसऱ्या दिवशी टोचलेली. त्यांच्यात मोटर हिरव्या असायलाच हव्यात. दु-४, दु-७, दु-११ जर तीच असतील तर शोध नाही, टिकून राहिलेली आई नाही, तापमान नाही, काही नाही. डिसेंबरात जादाची तीन कमी होती. मी डायरीत लिहिलंही आहे, "गेली असतील". वाचून कानशिलं तापली.

दुसऱ्या ओळीला लाल चमकणारं डीएनए वापरलं असतं तर घोटाळा झालाच नसता. लाल नळी मागवायची राहिली. सगळं हिरवं.

विजयला फोन. तो एस.टी.च्या वर्कशॉपात हेड मेकॅनिक, त्याला लांबण चालत नाही. "तुले का वाटते, तेच हायेत का?"

"वाटतं."

"मंग सरले सांग. ब्रेक लागत नसन तं गाडी डेपोतून काढत असते का?" मग, "पन सरले सांगशीन तं ते तुलेच विचारतीन, पाह्यलं होतं का म्हनून. पाह्यलं नव्हतं ना डिसेंबरात?"

१२ फेब्रु., अमरावती

सरांच्या घरी. त्यांच्या बाईंनी पोहे दिले. टेबलावर पोस्टर छापून आलेलं, गुंडाळी सोडून त्यांनी मला दाखवलं. मध्यभागी दु-७. फारच सुंदर आलंय.

सांगितलं. सुरुवातीपासून, फुली, थुंकी, सगळं.

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "हे अजून कोणाला माहीत आहे?"

"विजयला. आणि फरिदाबीला, पण चुकलं हे तिला माहीत नाही."

"आठ तारखेला तुम्ही एक अंडं बदललेलं पाहिलंत. फेब्रुवारीतलं. डिसेंबरातली पाहिली नाहीत."

"ती म्हणाली बदलली होती."

"कोणती, हे म्हणाली?"

ते ती म्हणाली नव्हती.

"बारात कोणतीही तीन असू शकतात. हिरव्या मोटर न दिसलेल्या नवांतलीही असू शकतात. मॅडम, मी खोटं बोला म्हणत नाही. माहीत नाही ते माहीत नाही म्हणा." मग खालच्या आवाजात, "विचारा त्यांना. दोन महिने झाले. आठवत नसेल तर आपण मोकळे आहोत."

त्यांच्या म्हणण्यात भोक आहे. जादाची कुठेही गेली असोत, ती हिरव्या मोटरच दाखवणार. आणि हिरव्या मोटर तिघांतच आहेत. हे त्यांना कळत नाही असं नाही. मला एवढं शिकवलं त्यांनीच. दारापर्यंत सोडायला आले, पायात चप्पल नव्हती. वाईट वाटलं. राग यायला हवा होता.

१४ फेब्रु.

फ.कडे गेले नाही.

१५ फेब्रु.

गेले नाही. पेपर तपासले.

१७ फेब्रु.

स्पष्ट लिहायचं तर, तिला आठवू नये असं मला वाटतंय. तिला आठवलं नाही की थीसिस मार्चमध्ये, सही, पदोन्नती, एकाच गावात बदली मागता येईल. लिंबाखाली फॉर्म भरणाऱ्याला मी केवढं सुनावलं होतं. त्याने निदान सावलीत बसून भरले, मी उन्हातान्हात हिंडून तेच करणार. लाज वाटते.

आईचा बार्शीटाकळीहून फोन. डॉक्टर कधी होते म्हणते. शेजारणींना सांगून बसली आहे, "आमची बाई अंड्यात रंग भरते".

१९ फेब्रु.

गेले. अकोल्याचा शनिवार बुडवला.

फ. उशीत कापूस भरत होती. बसले. कसं विचारायचं ते घरून ठरवून गेले होते: "तुम्हाला आता काय आठवत असणार म्हणा." असं सुरू केलं की माणूस नाहीच म्हणतो. चार घरी सर्वेक्षण करून एवढं शिकले आहे.

तोंडापर्यंत आलं होतं. मग सरळच विचारलं.

"डिसेंबरात कोणकोणत्या नंबरची बदलली?"

कापूस भरणारा हात थांबलाही नाही.

"चार. सात. ग्यारा." आणि मग, "चार तं दुसऱ्याच दिवशी गेलं होतं. सात आन् ग्यारा जुम्याच्या आंदल्या दिवशी, तुमी यायच्या पह्यले. ग्याराचे दोन डंडे बराबर नाई आले, दोनदा काढले."

मी मान हलवली. मार्च हातचा गेला, आणि त्याच वेळी मान दुखायची थांबल्यासारखं वाटलं. दोन्ही एकदम.

"आता सांगा," ती म्हणाली. उशी बाजूला ठेवली. "त्या दिवशी नाई म्हटलं तुमी. चेहरा तं हो म्हनून राहिला होता."

सांगितलं. कोंबडीची भाषा वापरली: दोन कोंबड्यांची पिल्लं वेगळी ओळखायची होती, एकीची तीन दुसरीखाली गेली. तिला पहिल्या वाक्यातच समजलं होतं.

"चाळीस साल झाले. आजपावतर कोनाच्या गादीतला छटाकभर कापूस इकडचा तिकडं नाई केला." डोळ्यांत पाणी आलं तिच्या. रागाचं असावं. "आन् तुमी दहा दिवस कावून नाई सांगितलं मले?"

मी उशीतून सांडलेला कापूस गोळा करत राहिले.

निघताना म्हणाली, "लिहा कागदात. फरिदाबीनं बदलले म्हनून लिहा. नाव लिहा. चूक माझी, तुमची कायले खराब होऊ द्यायची?"

चूक तिची नाही हे दारात उभं राहून तीनदा सांगितलं. तिला पटलं नाही.

२१ फेब्रु.

थीसिसचं ते पान नव्याने टाइप केलं. दु-४, दु-७ आणि दु-११ हे भ्रूण पहिल्या ओळीतले आहेत; जादा अंड्यांचा उपयोग संशोधिकेने सांभाळणाऱ्यांना नीट समजावून दिला नव्हता; बदल श्रीमती फरिदाबी, दर्यापूर, यांनी स्वतः सांगितला; विजेअभावी सर्व भ्रूण त्यांनीच जगवले. हे शेवटचं वाक्य आधीच्या मसुद्यात कुठेच नव्हतं. "टोपली" होती. बाई नव्हती.

खाली तीन जागा. सांभाळणारी, संशोधिका, मार्गदर्शक. एक प्रत कुरिअरने सरांना.

२३ फेब्रु.

सरांचा फोन. "पान मिळालं."

मी वाट पाहिली.

"आधी हैदराबाद होऊ द्या. आल्यावर बघू."

"सर, पोस्टर..."

"बघतो म्हटलं ना." मग, "तारखांसकट आठवलं त्यांना?"

"हो सर."

"कमाल आहे," म्हणाले आणि ठेवला. आवाजावरून काही कळलं नाही.

२५ फेब्रु.

आज अकरा वाजता हैदराबादला सरांची वेळ होती. दु-७ मधोमध असलेलं पोस्टर लावलं की गुंडाळून बॅगेत ठेवलं, माहीत नाही. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला बेडकाचं हृदय शिकवत होते. दहा जण होते. फोन टेबलावर ठेवला होता, पोरींनी पाहिलं.

लाल नळी काल आली. नवी अंडी उद्या. मार्चच्या आत होणार नाही हे दिसतंच आहे. पुन्हा मुदतवाढ मागायची तर त्या अर्जावरही मार्गदर्शकाचीच सही लागते.

चारला फ.कडे, पानाची माझी प्रत घेऊन. वाचून दाखवलं. "सर्व भ्रूण त्यांनीच जगवले" इथे तिने परत वाचायला लावलं. मग हात धुऊन आली, पदराला पुसले, पेन मागितलं. पेन्सिल नको म्हणाली. उर्दूत सही केली, सावकाश, उजवीकडून. तिच्याखाली मी केली.

"आन् हे तिसरी जागा?"

"सरांची."

"देतीन का?"

"माहीत नाही."

तिने कागद फुंकर मारून वाळवला आणि घडी न घालता माझ्या हातात दिला.